जर्मेनियम ट्रान्झिस्टर उघडून पाहताना: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

ओसी७१ हा काचेच्या नळीतला जुना ट्रान्झिस्टर उघडून दहापट भिंगाखाली धरला, की त्यातले बेस, एमिटर आणि कलेक्टर हे तिन्ही भाग वेगवेगळे ओळखता येतात. मधली करडी चकती म्हणजे जर्मेनियम. तिच्या एका बाजूला धातूचा लहान मणी, तो एमिटर. दुसऱ्या बाजूला त्याहून मोठा मणी, तो कलेक्टर. चकती ज्या पट्टीला सोल्डर केलेली असते ती पट्टी म्हणजे बेसची जोडणी. पुस्तकातली आकृती आणि समोरची वस्तू इतकी जुळणारी इलेक्ट्रॉनिक्समध्ये फार कमी ठिकाणी सापडते. सिलिकॉनचा साधा ट्रान्झिस्टर उघडला तर एक चकचकीत ठिपका आणि दोन केसाएवढ्या तारा दिसतात. कुठला थर कुठे आहे ते नुसत्या भिंगातून कळत नाही. म्हणून ट्रान्झिस्टर समजून घ्यायला सुरुवात करणाऱ्याने एकदा तरी जर्मेनियमचा उघडून पाहावा, असं मी आग्रहाने सांगतो.

### कोणता उघडायचा

मेलेलाच. हा नियम मोडू नका. जर्मेनियम ट्रान्झिस्टर आता जवळजवळ कुठेच बनत नाहीत आणि चालू माल दरवर्षी कमी होतोय. शिवाय गिटारवाल्यांची त्यांना मोठी मागणी आहे. १९६६ साली इंग्लंडमध्ये आलेल्या फझ फेस या, गिटारचा आवाज फाटका करणाऱ्या पेडलमध्ये एनकेटी२७५ हे जर्मेनियम ट्रान्झिस्टर होते, आणि गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने ते पेडल वापरल्यामुळे त्या आवाजाच्या शोधात लोक अजूनही एनकेटी२७५, ओसी४४, एसी१२८ विकत घेतात. चालू एसी१२८ कापून तुम्हाला जे दिसेल तेच बिघडलेल्यातही दिसतं.

आपल्याकडे असा माल मिळण्याची जागा म्हणजे १९६० आणि ७० च्या दशकातले ट्रान्झिस्टर रेडिओ. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ साली जर्मेनियमचे डायोड आणि ट्रान्झिस्टर बनवायला घेतले, त्यामुळे जुन्या बोर्डांवर ‘बीईएल’ छापलेले एसी१२७, एसी१२८ आजही दिसतात. पुण्यात जुना बाजार आणि तपकीर गल्ली, मुंबईत चोर बाजार आणि लॅमिंग्टन रोड इथे फिरताना नवीन माल मागू नका. जुन्या रेडिओ मेकॅनिकला विचारा, ‘काढून टाकलेले खराब ट्रान्झिस्टर आहेत का?’ बहुतेकांच्या खणात एखादी डबी असतेच, आणि उघडून शिकायचंय म्हटलं तर अनेक जण पैसेही घेत नाहीत.

पहिल्यांदा करताना ओसी७०, ओसी७१ किंवा ओसी७२ यांपैकी काचेचा एखादा मिळवा. तो नाही मिळाला तर एसी१२८. एएफ११४ ते एएफ११७ ही मंडळी दुसऱ्या टप्प्यासाठी ठेवा. त्यांची गंमत वेगळी आहे आणि हात बसल्याशिवाय ती निसटते.

### उघडण्याआधी मोजा

मोजल्याशिवाय उघडलं तर आत दिसणाऱ्या गोष्टीचा अर्थ लागत नाही. डिजिटल मल्टिमीटर डायोडच्या चिन्हावर ठेवा. जुन्या रेडिओंमधले बहुतेक जर्मेनियम ट्रान्झिस्टर पीएनपी असतात (एमिटर आणि कलेक्टर पी प्रकारचे, मधला बेस एन प्रकारचा), म्हणून काळा प्रोब बेसवर ठेवून लाल प्रोब आधी एमिटरला आणि मग कलेक्टरला लावा. दोन्ही वेळा साधारण ०.१५ ते ०.३ व्होल्ट दिसले तर जर्मेनियम आहे आणि दोन्ही जंक्शन, म्हणजे थरांचे सांधे, शाबूत आहेत. ०.६ च्या आसपास आकडा आला तर तो सिलिकॉन आहे, वर काहीही छापलेलं असो. जुने नंबर छापून विकलेला नकली माल बाजारात असतो, आणि तो पकडायची ही सोपी रीत. एनपीएन असेल, उदाहरणार्थ एसी१२७, तर प्रोब उलटे.

ओसी७१ चे तीन पाय एका रांगेत असतात. नळीवर रंगाचा ठिपका ज्या बाजूला आहे तो पाय कलेक्टर, मधला बेस, उरलेला एमिटर.

इथे नवशिक्यांचा एक गैरसमज हमखास होतो. बेस मोकळा सोडून एमिटर आणि कलेक्टरमधला रोध मोजला, तर चांगल्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरमध्येही काही दहा हजार ओहम किंवा त्याहून कमी दिसू शकतात. सिलिकॉनची सवय असलेला माणूस म्हणतो, ‘हा लीक आहे, टाकून द्या.’ तो खराब नसतो. जर्मेनियमला थोडं लीकेज, म्हणजे करंटची गळती, असतंच आणि ते तापमानाबरोबर झपाट्याने वाढतं. ढोबळमानाने दर दहा अंश सेल्सिअसला दुप्पट. ट्रान्झिस्टर दोन बोटांत धरा आणि मीटरकडे पाहा, बोटांच्या उबेनेच रोध उतरताना दिसेल. मेलेला म्हणजे ज्याचं एखादं जंक्शन दोन्ही दिशांनी शॉर्ट आहे किंवा दोन्ही दिशांनी ओपन आहे. तसा असेल तरच पुढे चला, आणि काय बिघडलं होतं ते कागदावर लिहून ठेवा. आत शोधायला ते उपयोगी पडतं.

काट्याचा जुना मीटर वापरत असाल तर लक्षात ठेवा, ओहमच्या रेंजवर बहुतेक अशा मीटरमध्ये काळा प्रोब धन असतो. वरचं सगळं उलटं धरायचं.

### सामान आणि काळजी

फार काही लागत नाही. त्रिकोणी बारीक कानस, बारीक दातांचं हॅक्सॉचं पातं, टोकदार चिमटा, एक पक्कड, छोटा व्हाइस, शिवणाची सुई, मऊ ब्रश, दहापट भिंग. यूएसबी मायक्रोस्कोप असेल तर उत्तम, पण पहिल्या दिवशी तो नसल्याने काही अडत नाही. पांढरं स्टीलचं ताट किंवा पांढरा कागद खाली हवाच; आतले भाग दोन-तीन मिलिमीटरचे असतात आणि फरशीवर पडले की सापडत नाहीत.

डोळ्यांवर गॉगल लावल्याशिवाय काचेच्या ट्रान्झिस्टरला हात लावू नका. काच पातळ असते आणि तिचे कण उडतात. आतल्या सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून काम करताना खाणंपिणं नाही आणि नंतर साबणाने हात धुवायचे. ट्रान्झिस्टर आगीवर तापवून उघडायचा विचारही करू नका. आतले मणी ज्या मऊ धातूचे असतात ते इंडियम १५७ अंशांच्या आसपास वितळतं आणि पाहायचं तेच वाहून जातं.

आणखी एक सूचना, आणि ही गंभीर आहे. रेडिओ ट्रान्समीटरमधले काही पॉवर ट्रान्झिस्टर पांढऱ्या सिरॅमिकवर बसवलेले असतात. ते सिरॅमिक बेरिलियम ऑक्साइडचं असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. हे भाग बहुतेक सिलिकॉनचे असतात, पण जुन्या मालाच्या डबीत मिसळलेले मिळतात. पांढरं सिरॅमिक दिसलं की तो भाग न कापता, न घासता बाजूला ठेवा.

### काचेचा ओसी७१

आधी रंग. नळीवरचा काळा रंग ब्लेडने हलक्या हाताने खरवडला जातो. चिवट असेल तर नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या असिटोनने मऊ पडतो. हा रंग शोभेसाठी दिलेला नव्हता. जर्मेनियमच्या जंक्शनवर प्रकाश पडला की त्यात विद्युतभार सुटतात आणि करंट वाढतो. रंग नसता तर दिव्याखाली ठेवलेला रेडिओ गुरगुरला असता.

हे स्वतः पाहायचं असेल तर चालू ओसी७१ घ्या. या प्रयोगात त्याचं काही बिघडत नाही. रंग एका बाजूने नखाएवढा खरवडा. डिजिटल मीटर ओहमवर ठेवून लाल प्रोब एमिटरला आणि काळा कलेक्टरला लावा, बेस मोकळा. आता नळीवर हाताची सावली धरा, मग हात काढून पिवळ्या बल्बखाली आणा. रोध झर्रकन खाली येतो. एलईडी दिव्यापेक्षा जुन्या बल्बचा परिणाम जास्त जाणवतो, कारण जर्मेनियमला अवरक्त किरण चांगले कळतात आणि बल्बमधून तेच भरपूर निघतात. ऊन त्याहून जोरदार. फिलिप्स आणि मुलार्ड यांनी ओसीपी७१ नावाचा फोटोट्रान्झिस्टर विकला, तो मुळात हाच, फक्त पारदर्शक नळीतला. नंतरच्या काही ओसी७१ मध्ये आत अपारदर्शक ग्रीस भरलेलं असतं. तुमच्या नळीत आतून दुधी दिसलं आणि प्रकाशाचा काही परिणाम झाला नाही, तर कारण हेच. प्रयोग झाला की खरवडलेल्या जागी काळी टेप गुंडाळून तो ट्रान्झिस्टर परत डबीत ठेवा.

आता मेलेला घ्या. सगळा रंग काढा आणि नळी दिव्यासमोर धरून चकती किती उंचीवर आहे ते पाहा. पाय जिथे काचेतून आत जातात तिथे काच चपटी दाबलेली असते. त्या दाबलेल्या भागाच्या जरा वर, पण चकतीपासून शक्य तितकं लांब, त्रिकोणी कानशीने नळीभोवती एक रेघ मारा. पूर्ण गोल आली नाही तरी अर्धी तरी खोल हवी. मग नळीभोवती कापडी टेपचा एक वेढा द्या आणि इंजेक्शनची काचेची कुपी मोडतात तशी, रेघ बाहेरच्या बाजूला ठेवून अलगद वाकवा. कट्‌ असा आवाज येतो आणि नळी सुटते. ती तिरकी काढू नका. पायांच्या रेषेत सरळ वर ओढा, नाहीतर काचेची कड चकतीला घासून मणी तुटतो. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर थांबा आणि रेघ अजून खोल करा.

नळी निघाल्यावर हातात राहतो तो ग्रीसमध्ये बुडालेला एक छोटा सांगाडा. हे सिलिकोन ग्रीस दोन कामं करायचं: चकतीची उष्णता काचेपर्यंत पोचवायचं आणि ओलावा दूर ठेवायचं. ग्रीस बोटाने पुसू नका. छोट्या काचेच्या वाटीत रंगवाल्यांकडे मिळतं ते टर्पेंटाइन किंवा रॉकेल घ्या, सांगाडा त्यात अर्धा तास बुडवून ठेवा, मग मऊ ब्रशने एकाच दिशेने फिरवा. दोन-तीनदा बदलून घेतलेल्या टर्पेंटाइनने तो स्वच्छ होतो. नुसत्या आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) सिलिकोन नीट निघत नाही, पण शेवटचा तेलकटपणा धुवायला तो चांगला. खिडकी उघडी ठेवा, जवळपास शेगडी किंवा उदबत्ती नको.

### आता पाहा, आणि घाई करू नका

भिंगाखाली आधी पट्टी शोधा. मधल्या पायाला जोडलेली ती धातूची पट्टी आणि तिला कडेने सोल्डर केलेली करडी, काचेसारखी चमकणारी चकती. हे एन प्रकारचं जर्मेनियम, त्यात अँटिमनीसारख्या मूलद्रव्याची अगदी किंचित भर घातलेली. चकती फिरवून दोन्ही बाजू पाहा. दोन्हीकडे रुपेरी, गुळगुळीत, थोडे बसके मणी दिसतील आणि प्रत्येकात एकेक तार रुतलेली असेल. दोन्ही मणी इंडियमचे. दोन्हींची रुंदी अंदाजाने मोजा. एक स्पष्ट मोठा आहे. मीटरने त्याची तार कोणत्या पायाला जाते ते तपासा, तो कलेक्टर निघेल.

मोठा का, याचं उत्तर त्या आकारातच आहे. एमिटरमधून बेसमध्ये शिरलेले होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, त्या धन भारासारख्या वाहतात) सरळ रेषेत जात नाहीत, पसरतात. समोर पकडायला मोठा कलेक्टर असेल तर कमी होल वाटेत वाया जातात आणि गेन, म्हणजे करंट किती पट मोठा होतो ते, वाढतो. शिवाय उष्णता कलेक्टर जंक्शनवर सर्वांत जास्त तयार होते, तिलाही मोठी जागा बरी. पुस्तकातल्या चिन्हात एमिटर आणि कलेक्टर सारखेच काढलेले असतात, त्यामुळे ट्रान्झिस्टर उलटा लावला तर काय होतं हा प्रश्न नवशिक्याला पडतो. हे दोन मणी पाहिल्यावर कळतं: तो चालतो, पण गेन पार घसरतो.

मग सुईने मण्याला हलकेच टोचा. सुई आत जाते. इंडियम इतकं मऊ असतं की नखाचाही ठसा उमटतो. तीच सुई चकतीच्या कोपऱ्यावर दाबली तर टुकडा उडतो आणि तुटलेल्या जागी आरशासारखी चकाकी दिसते. जर्मेनियम धातूसारखं दिसलं तरी ठिसूळ आहे. त्याच्या अणूंची रचना हिऱ्यासारखी असते.

हे बनवायची रीत समजली तर दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा उलगडा होतो. इंडियमच्या दोन गोळ्या चकतीच्या दोन्ही बाजूंना ग्रॅफाइटच्या साच्यात बसवायच्या आणि हायड्रोजनमध्ये साधारण ५०० अंशांपर्यंत तापवायचं. जर्मेनियमचा स्वतःचा वितळणबिंदू ९३८ अंश, पण वितळलेलं इंडियम त्याला हळूहळू विरघळवून आत शिरत जातं. दोन्ही बाजूंनी खोदाई होते. थंड व्हायला लागलं की विरघळलेलं जर्मेनियम परत स्फटिकावर जमतं, पण आता त्यात इंडियम अडकलेलं असतं, आणि म्हणून तो थर पी होतो. मध्ये न विरघळलेली जी पातळ भिंत उरते तो बेस, काही दशांश नव्हे तर काही शतांश मिलिमीटरचा. भट्टीचं तापमान थोडं वाढलं तर दोन्ही बाजू एकमेकींना भिडून शॉर्ट. कमी पडलं तर बेस जाड आणि ट्रान्झिस्टर मंद. १९५० च्या दशकात कारखान्यात निघालेले नग मोजून, चांगले-वाईट वेगळे करून त्यांना वेगवेगळे नंबर द्यावे लागत, ते या भिंतीच्या जाडीमुळे.

रेडिओच्या दृष्टीने ही जाडी फार महत्त्वाची होती. बेस ओलांडायला होलला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ओसी७१ आवाजाच्या फ्रीक्वेन्सीपुरता ठीक. आयएफच्या (इंटरमीडिएट फ्रीक्वेन्सीच्या) मधल्या टप्प्याला ओसी४५ लागायचा, सुमारे ६ मेगाहर्ट्‌झचा, आणि रेडिओच्या तोंडाशी, स्टेशनची फ्रीक्वेन्सी बदलणाऱ्या मिक्सरला ओसी४४, सुमारे १५ मेगाहर्ट्‌झचा. तिन्ही उघडून शेजारी ठेवले तर एकाच घराण्यातले वाटतात. फरक त्या न दिसणाऱ्या भिंतीत.

न दिसणारी भिंत पाहायची असेल तर एक मार्ग आहे, पण वेळ लागतो. स्वच्छ केलेली चकती मण्यांसकट बाटलीच्या झाकणात उभी ठेवा आणि वरून पारदर्शक दोन भागांचं अराल्डाइट ओता. दुसऱ्या दिवशी घट्ट झालेली वडी काचेच्या तुकड्यावर चिकटवलेल्या ओल्या पॉलिश पेपरवर घासत न्या, आधी ४०० नंबर, मण्यांच्या मध्यापर्यंत पोचत आलात की १०००, मग २०००. पाणी कायम हवं. कोरडी धूळ नाकात जाता कामा नये. नीट चमकवलेला छेद पन्नासपट मायक्रोस्कोपखाली ठेवला की दोन्ही बाजूंनी जर्मेनियममध्ये घुसलेली इंडियमची फुगीर पोटं आणि मधला अरुंद पूल दिसतो. दिसणारा पूल खऱ्या बेसपेक्षा जाड असतो, कारण परत जमलेला पी थर रंगाने जर्मेनियमसारखाच दिसतो. तरीही ही एक गोष्ट पाहिली की ट्रान्झिस्टर कायमचा समजतो. या सगळ्या लेखात मला सर्वांत जास्त महत्त्वाची वाटते ती हीच पायरी, म्हणून दोन मेलेले ओसी७१ मिळाले तर एक यासाठी राखून ठेवा.

### एसी१२८ आणि धातूची टोपी

रेडिओच्या शेवटी स्पीकर चालवायला एसी१२८ असायचा, कधी दोन एसी१२८ ची जोडी, कधी एसी१२७ आणि एसी१२८ अशी एनपीएन-पीएनपी जोडी. बऱ्याचदा त्याला ॲल्युमिनियमची क्लिप लावलेली असते. ती आधी काढा.

टोपी पकडीने दाबून फोडायचा मोह होतो. तसं केलं की तळाची काच फुटते आणि चकतीचे तुकडे होतात. टोपीचा वरचा भाग पुठ्ठ्यात गुंडाळून व्हाइसमध्ये फक्त हलणार नाही इतपतच धरा. तळाच्या कडेपासून थोडं वर कानशीने गोल फिरत घासत जा. धातू पातळ होत आला की एका जागी काळपट रेघ उमटते. तिथे थांबा. घासलेला भुगा ब्रशने झटका आणि शेवटचा पापुद्रा ब्लेडच्या टोकाने कापा, कारण आत ग्रीस असतं आणि धातूचा भुगा त्यात गेला तर साफ करताना जीव मेटाकुटीला येतो. मग टोपी सरळ वर.

आतली मांडणी ओसी७१ सारखीच, फक्त मणी मोठे आणि पट्टी जास्त भक्कम. करंट जास्त वाहून न्यायचा असतो, म्हणून.

### एएफ११७: चार पायांचा चोर

एएफ११४ ते एएफ११७ यांना चार पाय असतात. चौथा पाय नुसता टोपीला जोडलेला, शील्डसाठी, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंगाट अडवायला. मेकॅनिक लोकांना अनुभव आहे की या ट्रान्झिस्टरचे रेडिओ काही वर्षं पडून राहिले की बंद पडतात. टोपीच्या आतल्या बाजूला कथिलाचा मुलामा असतो आणि त्यातून कथिलाचे बारीक तंतू आपोआप वाढतात. ते आतल्या तारांना टेकले की शॉर्ट. म्हणून उघडण्याआधी चौथा पाय आणि बाकीचे तीन यांच्यात मीटर लावा. काहीच वाचन येता कामा नये. आलं तर तुमच्या हातात तंतूवाला नमुना आहे आणि तो मौल्यवान आहे. (रेडिओ दुरुस्त करायचा असता तर अनेक मेकॅनिक चौथा पाय कापून टाकतात आणि रेडिओ पुन्हा चालतो. इथे तसं करू नका, आपल्याला कारण पाहायचं आहे.)

याला कमीत कमी हादरे द्या. कानस जोरात चालवली तर तंतू तुटतात आणि मग पाहायला काही उरत नाही. टोपी निघाल्यावर ती आणि आतला सांगाडा दोन्ही, ग्रीस साफ करण्याआधी, टॉर्च आडवा धरून पाहा. अंधाऱ्या खोलीत तिरका प्रकाश पडला की तंतू चमकतो: केसापेक्षा कितीतरी बारीक, सरळ किंवा एखाद्या ठिकाणी अचानक वळलेला, शेवटपर्यंत एकाच जाडीचा. भुग्याचा कण वेडावाकडा आणि जाड असतो, तेवढ्यावरून दोन्ही वेगळे ओळखा.

आतली रचनाही वेगळी आहे. इथे दोन बाजूंना दोन मणी नाहीत. दोन्ही अगदी बारीक मणी एकाच बाजूला शेजारीशेजारी: एक एमिटर, एक बेस. चकती स्वतः कलेक्टर आहे आणि ती सरळ पट्टीला सोल्डर केलेली. बेसचा थर मिश्रधातू करून नाही, तर अँटिमनी जर्मेनियममध्ये झिरपवून बनवलेला आहे, त्यामुळे तो दोन्हीकडून खोदून उरलेल्या भिंतीपेक्षा खूप पातळ ठेवता आला. म्हणूनच हा ट्रान्झिस्टर सुमारे ७५ मेगाहर्ट्‌झपर्यंत पोचला आणि शॉर्टवेव्हच्या कामाला आला. ओसी७१ शेजारी ठेवून पाहा, काही वर्षांत तंत्र किती पुढे गेलं ते डोळ्यांना दिसतं. १९५८ च्या सप्टेंबरमध्ये जॅक किल्बीने टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये पहिली इंटिग्रेटेड सर्किट दाखवली, तीही जर्मेनियमच्याच तुकड्यावर होती आणि तिच्यातला बेसही असाच झिरपवलेला होता.

### मोठा पॉवर ट्रान्झिस्टर

एडी१४९, ओसी२६ यांसारखे दोन स्क्रूच्या भोकांचे मोठे ट्रान्झिस्टर जुन्या कार रेडिओत आणि अॅम्प्लिफायरमध्ये असत. तळाची जाड प्लेट व्हाइसमध्ये घट्ट धरा आणि हॅक्सॉचं पातं टोपीच्या खांद्याजवळ, म्हणजे वरून थोडं खाली, आडवं चालवा. तळाजवळ कापू नका. आत दोन पाय वर आलेले असतात आणि पातं त्यांना लागतं. टोपीचं वरचं झाकण निघालं की वाकून पाहा, मगच बाकीचं कापायचं की नाही ते ठरवा. बहुतेकदा झाकणातूनच सगळं दिसतं.

इथे मण्यासाठी भिंग लागत नाही, तो नजरेला सहज दिसतो. मध्ये इंडियमची गोल चकती, तो एमिटर. तिच्या भोवती कडं किंवा अर्धगोल जोडणी, तो बेस. कलेक्टर दिसणार नाही, तो खाली तांब्याच्या चबुतऱ्याला सोल्डर केलेला आहे, कारण सगळी उष्णता तिथूनच बाहेर जायची. काहींच्या आत पांढरी पूड किंवा वडी सापडते. ती ओलावा शोषून घेण्यासाठी ठेवलेली. तिला हात न लावता तशीच राहू द्या. जळालेला नमुना मिळाला तर एमिटरच्या कडेला वितळून वाहिलेलं इंडियम दिसतं. तुम्ही आधी ‘कलेक्टर-एमिटर शॉर्ट’ असं लिहून ठेवलं असेल, तर ते इथे सापडलं.

### नोंद आणि साठवण

मोबाइलला लावायची छोटी मॅक्रो लेन्स मिळते, तिने चांगले फोटो येतात. प्रकाश समोरून नको, एका बाजूने हवा. इंडियम चकाकतं आणि समोरून घेतलेल्या फोटोत मणी पांढराफटक होतो. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा. प्रत्येक नमुना छोट्या झाकणाच्या डबीत ठेवून चिठ्ठीवर नंबर, छापलेली कंपनी, उघडण्याआधीचं मीटरचं वाचन आणि आत काय सापडलं ते लिहा.

काचेचे तुकडे जाड कागदात गुंडाळून वर ‘काच’ लिहून कचऱ्यात द्या. वापरलेलं टर्पेंटाइन मोरीत ओतू नका. बंद बाटलीत साठवा, पुढच्या ग्रीसला पहिल्या धुण्यासाठी तेच चालतं.